उष्णतेचे केंद्र आणि थंडीतले पाहुणे

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वर्गमैत्रिणी निवृत्तीनंतर कोणत्या गावी राहावे याची चर्चा करू लागल्या होत्या. पुण्यात जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. झाल्यावर लग्न होऊन मी जळगावला आले, आणि त्यानंतरची वर्षे घर, सासूबाईंचे दीर्घ आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांत गेली. पन्नाशी दिसू लागली तेव्हा एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. पदवी जुनी आणि अनुभव शून्य असूनही त्यांनी मला घेतले, याचे मला आजही थोडे आश्चर्य वाटते. इतक्या उशिरा सुरुवात करणाऱ्या व्यक्तीने दिवाळी अंकात कामाच्या आठवणी सांगाव्यात, हे मला आगाऊपणाचे वाटत होते. परंतु एखादा प्रदेश राष्ट्रीय पातळीवरची संस्था आपल्या दारी आणू पाहतो तेव्हा आत नेमके काय घडते, हे सहसा कोणी लिहीत नाही. मी तेथे होते आणि लिहिण्याचे काम माझ्याकडेच होते. जे घडले ते आठवले की कपाळाला हात लावावासा वाटतो, आणि तो लावण्यापूर्वी एकदा सविस्तर सांगून टाकावे असेही वाटते.

आधी प्रयोगशाळेविषयी थोडे. रक्ताच्या ज्या तपासण्या आम्ही करतो त्यांत क्रिएटिनिन नावाची एक असते. शरीरातला हा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. रक्तात तो साचू लागला की गाळणी बिघडली असे समजायचे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्या माणसांत असा बिघाड आढळला तर आम्हांला नवल वाटत नाही. पण दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर असे काही अहवाल येत की ज्यांवरचे वय पाहून मी नमुना पुन्हा तपासायला घेई. चोपड्याकडचे, रावेरकडचे, केळीच्या बागांत कापणी आणि वाहतूक करणारे, धडधाकट वयाचे मजूर. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि आकडा मात्र वाढलेला.

त्यांतल्या एकाची बायको म्हणजे शोभाअक्का. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे गाव. नवरा धनराजभाऊ, आयुष्यभर उन्हातान्हात केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रॅक्टरपर्यंत आणणारा माणूस. आता त्यांना डायलिसिससाठी आमच्या रुग्णालयात यावे लागे. ते आत यंत्राला जोडलेले असताना अक्का बाहेर प्रयोगशाळेच्या बाकावर बसत. एकदा त्यांनी मला थेट विचारले.

"बाई, यास्ले कशामुये व्हयनं हाई?"

यांना हे कशामुळे झाले, असा तो प्रश्न होता. मी म्हणाले, "अक्का, नक्की सांगता येत नाही."

"दारू नही, बिडी नही. जलमभर ऊनमा केयी वाह्यात, आखो काय? मना पोऱ्या बी तेच काम करस. त्याले व्हई का?"

त्याच कामातल्या मुलालाही हे होईल का, असे त्या विचारीत होत्या. ऊन, कमी पडणारे पाणी, फवारणीची औषधे, की आणखी काही, हे मला ठाऊक नव्हते आणि खोटा धीर देण्याची मला कला नाही. अक्का माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "इतल्या शिकेल शेतस तुम्ही," एवढे शिकून काय उपयोग अशा सुरात त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड फिरवले.

त्याच सुमारास ती बातमी आली. वैद्यकीय संशोधन करणारी देशपातळीवरची एक संस्था उन्हाचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करण्यासाठी नवे केंद्र उघडणार होती, आणि ते कोणत्या भागात असावे यासाठी तिने प्रस्ताव मागविले होते. खान्देशाने हे केंद्र मागावे यात काहीच नवल नव्हते. उन्हाळ्यात जळगावचे तापमान वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते आणि घरातल्या कोणाचा सत्कार झाल्यासारखे आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवितो. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील प्रतिष्ठितांची एक कृती समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष नाना, जळगावचे. जिनिंगचा कारखाना मुलाच्या हाती देऊन सार्वजनिक कार्याला मोकळे झालेले. कार्याध्यक्ष आबा, मूळचे शिंदखेड्याकडचे. धुळ्यात हयातभर वकिली केलेले. प्रस्ताव लिहायला कोणी तरी हवे होते. आमच्या रुग्णालयाच्या संचालकांनी नानांना सांगितले, "आमच्याकडे एक बाई आहेत. इंग्रजी चांगले लिहितात आणि फारसे बोलत नाहीत." नानांना दोन्ही गुण आवडले, माझा समज असा की, दुसरा अधिक.

मी लगेच होकार दिला, आणि त्याचे कारण बाकावर बसलेले होते. केंद्र येथे आले तर बाहेरगावचे शास्त्रज्ञ याच बागांत जातील, याच माणसांना तपासतील, आणि अक्कांच्या प्रश्नाचे उत्तर आज ना उद्या सापडेल. त्यांचा मुलगा योगेश त्या उत्तरावाचून रोज घड वाहत होता. मी अक्कांना सांगितले, "यावर अभ्यास करणारे लोक इथे यावेत म्हणून आम्ही खटपट करतो आहोत."

"येवू द्या," अक्का म्हणाल्या. "मी सांगसू त्यास्ले बठ्ठं."

बठ्ठं म्हणजे सगळे. मला तेवढेच हवे होते.

प्रस्ताव लिहिणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. लग्नासाठी मुलीची माहिती लिहून देतात तसाच हा प्रकार आहे. जागा, पाणी, रस्ते, वीज, शिक्षण असे सगळे गुण मांडायचे. फरक इतकाच की येथे गुणांच्या जोडीला दुखणेही मांडावे लागते. आमच्याकडे हा त्रास आहे, तो मोठा आहे आणि त्याचा अभ्यास येथेच व्हायला हवा, हे समोरच्याला पटले पाहिजे. नुसते गुण सांगितले तर ते म्हणतील, छान चालले आहे की तुमचे. इतकी साधी ही गोष्ट समितीला समजावून सांगण्यात माझा पावसाळा गेला, आणि ती समजली असे मी आजही म्हणू शकत नाही.

पहिली बैठक प्रस्तावाच्या नावावरच अडली. मी मसुद्यावर 'जळगाव-धुळे प्रदेश' असे लिहिले होते.

"हे कसं काय?" आबांनी चष्मा काढला. "धुळं शेपटीला?"

"आबा, वर्णमाला बघा ना," नाना म्हणाले. "ज आधी येतो, ध मागून येतो. यात आमचा काय दोष?"

"दिल्लीवाले मराठीत वाचणार आहेत का? इंग्रजीत डी आधी येतो, नाना, आणि जे नंतर."

"म्हणजे वर्णमाला पण तुम्ही इंग्रजांची घेणार?"

"प्रस्ताव इंग्रजीत आहे हो! मॅडम, सांगा तुम्ही."

मी सुचविले की नुसते 'खान्देश' लिहावे. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी चहाचे कप गोळा करू लागले. अखेर तोडगा निघाला: मराठी प्रतीवर जळगाव-धुळे आणि इंग्रजी प्रतीवर धुळे-जळगाव. दोन्ही प्रती एकाच पाकिटातून गेल्या. काही आठवड्यांनी विचारणा आली की एकाच भागातून दोन स्वतंत्र प्रस्ताव आले आहेत काय, आणि तसे असल्यास दोहोंत स्पर्धा आहे काय. नाना म्हणाले, "लिहा, नाही." आबा म्हणाले, "खरं तर आहे."

पण त्याआधी मजकुराची लढाई व्हायची होती. केळी, कापूस, विद्यापीठ, रेल्वे यांवर समितीतल्या प्रत्येकाने भर घातली. कोणी सोन्याच्या बाजारपेठेचा परिच्छेद दिला. कोणी आपल्या गावच्या यात्रेत ओढल्या जाणाऱ्या बारागाड्यांचे छायाचित्र आणून दिले. माझे एक वाक्य मात्र कोणालाही नको होते: 'या भागातील शेतमजुरांमध्ये उन्हाळ्यात मूत्रपिंडाच्या गंभीर तक्रारी आढळतात.'

"हे काढा," नाना म्हणाले.

"नाना, सगळा प्रस्ताव याच वाक्यासाठी आहे."

"मॅडम, आपल्या भागाची इज्जत आहे की नाही? असं छापून आलं तर आपल्या पोरांना मुली कोण देईल?"

त्या वाक्याच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'खान्देशातील जनता काटक, कष्टाळू व निरोगी आहे.' निरोगी जनतेसाठी आरोग्य संशोधनाचे केंद्र कशाला मागायचे, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे तेथेच थांबला. मी इतकेच म्हणाले, "निरोगी हा शब्द वगळता येईल का?" बरीच चर्चा होऊन 'सर्वसाधारणपणे निरोगी' असे ठरले. नाना त्याला सुवर्णमध्य म्हणाले.

आबांना माझी दया आली असावी. बैठक संपल्यावर ते हळूच म्हणाले, "तुमचं ते मूत्रपिंडाचं सगळं परिशिष्टात घाला. परिशिष्ट कोणी वाचत नाही." मी घातले. प्रयोगशाळेत काय दिसते, कोणत्या कामाची माणसे येतात, आम्हांला काय कळत नाही, हे सारे कोणाचेही नाव न घेता मी तेथे लिहिले. माझ्या आयुष्यात मी मनापासून लिहिलेला तो पहिला मजकूर, आणि तो कोणी वाचणार नाही या आश्वासनावर छापला गेला.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार पडला. आता संस्थेचे पथक प्रत्यक्ष पाहणीला येणार होते. ही पाहणी एकदाच होते; तिच्या अहवालावर पुढचे सगळे ठरते. पत्रात म्हटले होते की एप्रिलअखेरपर्यंतचा कोणताही सोयीचा आठवडा अर्जदारानेच सुचवावा. मी बैठकीत न विचारता बोलले, असे प्रथमच घडले. म्हणाले, "एप्रिलचा शेवटचा आठवडा देऊ या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"एप्रिलमध्ये पाहुणे?" नाना म्हणाले. "मॅडम, माणसं मरतील ना!"

"नाना, माणसं मरतात म्हणूनच तर…"

"पाहुण्याला उन्हात कोणी बोलावतं का? काय म्हणतील ते, खान्देशात बोलावलं आणि भाजून काढलं? हिवाळ्यात बोलवा. हवा कशी गार, शेतं कशी हिरवी. आणि भरीत? एप्रिलमध्ये भरताचं वांगं मिळतं का कुठे?"

"तेही खरं," आबा म्हणाले. नावाच्या वादानंतर दोघांचे एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. "भरीत खाऊ घातल्याशिवाय पाठवणं बरं दिसत नाही."

खान्देशात थंडीत शेतावर भरीत पार्टी होते. तुरीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी लांबट वांगी भाजायची, हिरवी मिरची आणि लसणासह कुटायची आणि गरम भाकरीबरोबर खायची. पाहुण्याला याहून मोठा मान आमच्याकडे नाही. अशा रीतीने उष्णतेचे संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या पाहणीची तारीख वांग्याने ठरविली.

मी अक्कांना निरोप पाठवला की पाहुणे अमुक दिवशी येतील, तुम्ही बोलाल ना? धनराजभाऊंना घेऊन आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलसू. एकदा सांगं ना तुम्हले." आणि लगेच, "योगेशनं बी जमाडी ऱ्हायनूत. पोरगी रावेरकडनी शे. चांगलं घर शे." योगेशचे लग्न जुळवीत होते. मी अभिनंदन केले आणि कामाला लागले. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, हे मला सुचले नाही.

पाहुणे आले त्या सकाळी धुके होते. पथकाच्या प्रमुख दक्षिणेकडच्या एक डॉक्टर बाई होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या, आणि त्यामुळे मला धीर देणाऱ्या. खान्देशच्या उन्हाची कीर्ती ऐकून सगळ्यांनी सुती कपडे, टोप्या आणि गॉगल आणले होते. रेल्वेतून उतरताच त्यांचे दात वाजू लागले. स्वागत समारंभात नानांनी शाली पांघरल्या. अशा शाली एरवी लोक पुढच्या क्षणी घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकतात. या पाहुण्यांनी त्या खरोखरच गुंडाळून घेतल्या आणि दिवसभर सोडल्या नाहीत. उन्हाचा अभ्यास करायला आलेली मंडळी सत्काराच्या शाली लपेटून जळगावात हिंडत होती, आणि सोबत नाना प्रत्येकाला विचारीत होते, "हवा कशी आहे? फक्कड ना?"

बांधकामासाठी सुचविलेली जागा पाहून झाली. ती जळगाव आणि धुळे यांच्या बरोबर मध्ये, दोन्ही शहरांना सारखीच गैरसोयीची होईल अशी निवडली होती. मग शेतावर भरीत पार्टी झाली. पथकातील एका तरुण शास्त्रज्ञाने जाळाजवळून उठायचे नाकारले. आबा त्याला समजावीत होते, "आमच्याकडची हवाच अशी आहे, माणूस आजारी पडत नाही." मी दूर उभी राहून पाण्याचे पेले भरीत होते, कारण हाताला काम असले म्हणजे मला तोंडाला काम लागत नाही.

डॉक्टर बाई भाकरी संपवून माझ्याजवळ आल्या. त्यांनी हिंदीत विचारले, "परिशिष्ट तुम्ही लिहिले आहे?"

नानांनी वळून पाहिले. "कोणतं परिशिष्ट?"

"त्यात लिहिलेली माणसे मला भेटायची आहेत," बाई म्हणाल्या. "आज."

चोपड्याच्या वाटेवर मी अक्कांची उत्तरे मनात हिंदीत जुळवीत होते. आता अक्का बोलतील आणि उरलेले सगळे आपोआप मार्गी लागेल, असे मला वाटत होते. नाना पुढच्या सीटवर घुश्शात बसले होते. गावात पोहोचलो तेव्हा अक्कांचे घर नुकतेच रंगवलेले दिसले. अंगण सारवलेले होते, दारात रांगोळी होती, शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. अक्कांनी ठेवणीतले लुगडे नेसले होते. मला भरून आले. ही सगळी तयारी आमच्यासाठी केली, असे मला वाटले. धनराजभाऊ खाटेवर टेकून बसले होते आणि त्यांच्या पायांवर जाड गोधडी होती. ते पाय सुजतात हे मला ठाऊक होते. शेजारच्या बायका कुडाला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टर बाई खाली घोंगडीवर बसल्या. त्यांचे हिंदी अक्कांना कळत होते, पण सभ्यतेखातर मी मध्ये दुभाषी होते.

"घरात कोणाला काही त्रास आहे का, असं विचारताहेत."

अक्कांनी माझ्याकडे पाहिले, मग कुडाकडे पाहिले. "नही ना बाई. बठ्ठं बेस शे."

सगळे उत्तम आहे. मला वाटले त्यांना प्रश्न नीट कळला नाही. "अक्का, उन्हाळ्यात? काम करताना?"

"उन्हाया ते बठ्ठासलेच शे."

"भाऊंची तब्येत?"

"थकेल शेतस जरासा. वय व्हई गयं." आणि मग माझ्याकडे न पाहता, "चहा ठेवू ना? पावना पह्यलांदाव येल शेतस."

धनराजभाऊ हसून म्हणाले, "काय हुयनं शे माले? घोडा शे मी."

कुडाजवळच्या बायका हसल्या. नानांचा सगळा घुस्सा उतरला. "बघा," ते बाईंना हिंदीत म्हणाले, "आमची माणसं अशी आहेत. काटक!"

मी प्रत्येक वाक्य जसेच्या तसे भाषांतरित केले. धनराजभाऊ आठवड्यातून कितीदा आमच्याकडे येतात हे मला एका वाक्यात सांगता आले असते. पण ते दुखणे त्यांचे होते, ते सांगायचे की झाकायचे हे ठरविण्याचा हक्कही त्यांचाच होता, आणि रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाने एवढे तरी पाळायचे असते. 'बठ्ठं बेस शे' याचे मी केलेले भाषांतर अचूक होते. त्या दिवशी माझ्या हातून घडलेले ते एकमेव निर्दोष काम.

निघताना अक्का कुंकू लावायच्या निमित्ताने मला आत घेऊन गेल्या. चुलीजवळ उभ्या राहून त्या कुजबुजल्या, "रागवू नका बाई. सकाय पोरीकडला येतस घर देखाले. भाईर बठ्ठ्या कान टवकारी उभ्या शेतस. इतलं कानवर गयं ते कोन दी पोरगी?"

उद्या मुलीकडचे घर पाहायला येणार होते. सारवलेले अंगण, खुर्च्या, रांगोळी त्यांच्यासाठी होती. त्यांच्या येण्याआधी एक दिवस ती तयारी झाली होती, इतकेच.

"पोऱ्यानं लगीन व्हई जाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "मंग सांगसू. मंग बलावा त्यास्ले."

मला राग आला, आणि कोणावर करावा हे कळेना. समितीला मी महिनोन्महिने समजावीत होते की केंद्र मागताना दुखणे दाखवायचे असते. लग्न जमविताना ते झाकायचे असते, हे अक्कांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एकाच घरी एकाच आठवड्यात दोन प्रकारचे पाहुणे यायचे होते, आणि अक्कांच्या लेखी दोघांपैकी एकच खरा होता.

परतीच्या गाडीत डॉक्टर बाईंनी परिशिष्टाची पाने काढून पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "तुमचे परिशिष्ट एक सांगते आणि तुमची माणसे दुसरे. मी कोणाचे खरे मानू?"

मी म्हणाले, "एप्रिलमध्ये परत या. तेव्हा कोणाला विचारावेच लागणार नाही." माझ्या आवाजाची मलाच ओळख पटली नाही. पुढच्या सीटवरून नानांनी मान वळवली.

बाई म्हणाल्या, "आम्हांला एकदाच येता येते. आणि तारीख तुम्हीच दिली होती."

पुढचे सांगायला फार नाही. मे महिन्यात उत्तर आले. केंद्र दूरच्या एका राज्यात, एका मोठ्या शहरात जाणार होते. आमच्या भागाविषयी लिहिले होते की प्रस्तावात वर्णन केलेली समस्या प्रत्यक्ष पाहणीत पुरेशी दिसून आली नाही. मात्र आदरातिथ्याबद्दल पथक ऋणी आहे. नाना म्हणाले, धुळेकरांनी जागेचा घोळ घातला नसता तर केंद्र आलेच असते. आबा म्हणाले, जळगावकरांना सगळे आपल्याच अंगणात हवे असते. आणि मग समितीने स्वतःच्या प्रयत्नांबद्दल स्वतःचाच सत्कार करायचे ठरविले. तो मे महिन्यातल्या भर दुपारी एका पत्र्याच्या सभागृहात झाला. आभार मानता मानता आबांना भोवळ आली. धावपळ झाली, कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी शिंपडले. "काही नाही, काही नाही," नाना माईकवरून सांगत होते, "जरा ऊन लागलं. सर्वांनी बसून घ्या." मी शेवटच्या रांगेत होते. आबांना सलाईन लावायला आमच्याच रुग्णालयात आणले, हे ओघाने आलेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले तर म्हणाले, "मॅडम, कुठे बोलू नका हं. लोक उगाच चर्चा करतात."

योगेशचे लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच झाले होते. मला आमंत्रण होते. मी गेले नाही. गेले असते तर अक्कांशी बोलावे लागले असते.

जूनच्या सुरुवातीला, अजून आभाळात ढग नव्हते तेव्हा, प्रयोगशाळेबाहेर मोठा आवाज ऐकू आला म्हणून मी डोकावले. बाकाच्या एका टोकाला अक्का होत्या. धनराजभाऊ आत यंत्राला जोडलेले होते आणि योगेश बाजूला उभा होता, त्याचेही रक्त तपासायला आणले होते. दुसऱ्या टोकाला एक बाई होती आणि तिच्या शेजारी पाय सुजलेला, पिवळा पडलेला एक माणूस. मध्ये योगेशची नवी नवरी डोक्यावरचा पदर सावरीत कधी सासूकडे तर कधी आईकडे पाहत होती. ते तिचे आईवडील होते. तेही रावेरकडे जन्मभर केळीत राबलेले. दोन्ही व्याह्यांची गाठ आमच्या बाकावर पडली होती.

"तुम्ही तं म्हने होते, घरात सगळं ब्येस हाये!" अक्का तावातावाने म्हणत होत्या, रागाच्या भरात त्या विहिणीचीच बोली तिला परत करीत होत्या.

"आन तुमी काय सांगतलं होतं, अक्का? घोडा हाये म्हने आमचे याही!"

"ते बरा व्हतात तवय."

"हेबी बरेच व्हते तव्हा."

मग विहीणबाईंच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. मला वाटले त्या रडू लागल्या, पण ते हसू होते. अक्काही हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी सरकून विहीणबाईंना आपल्या शेजारी जागा करून दिली.

मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले.

"बाई, बरं व्हयनं भेटल्यात," त्या म्हणाल्या. "लगीन व्हई गयं. आते काय लपाडानं शे? यास्ना घरमा बी तेच, मना घरमा बी तेच. बलावा त्या डॉक्टर बाईले. मी सांगस, ह्या बी सांगतीन. बठ्ठं सांगतस."

विहीणबाईंनी मान हलवली. योगेशने हाताची घडी सोडली आणि तो ऐकू लागला.

मी म्हणाले, "अक्का, त्या आता येणार नाहीत."

"काब्र?"

"केंद्र दुसरीकडे गेलं. दूर, दुसऱ्या राज्यात."

अक्कांनी थोडा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रयोगशाळेचा अहवाल समजून घेताना त्या जशा कपाळाला आठ्या घालीत तशाच त्यांनी घातल्या.

"तठे केयीना बागा शेतस का?"

"नाहीत."

"आठेसारखं ऊन पडस का?"

"नाही, अक्का. इतकं नाही."

"मंग त्या तठे काय धुंडतीन?" अक्का म्हणाल्या, आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी योगेशला आत बोलावले, त्याचा हात टेबलावर घेतला आणि शीर शोधू लागले.